यादीत नसलेले गाव

काही वर्षांपूर्वीच्या दिवाळीतील गोष्ट आहे. आमच्या निबंधवाचनाच्या बैठकीला नेमाने येणाऱ्या एका गृहस्थांचा नातू पुण्याहून सुट्टीवर आला होता. हिशेबतपासणी करणाऱ्या एका बहुराष्ट्रीय कंपनीत तो नोकरीस आहे. फराळ करता करता त्याने आजोबांना जगातील शहरांच्या प्रतवारीची एक यादी दाखविली. मुंबई कोठे आहे, बंगळूर कोठे आहे, पुणे कोणत्या पायरीवर आहे, हे सारे त्याने कौतुकाने सांगितले. आजोबांनी चष्मा पुसून विचारले, "आणि आपण?" नातू हसला. बेळगावचे नाव त्या यादीत नव्हते. निपाणीचा तर प्रश्नच नव्हता.

पुढील बैठकीत ही हकीकत निघाली, तेव्हा कोणी हसले, कोणी रागावले. एका सभासदांनी तर ही यादी करणाऱ्यांना एकदा रविवार पेठेत सकाळी आणून उभे करावे, अशी सूचना केली. ती अमलात येण्यासारखी नव्हती. मग निदान ही यादी कशी करतात हे समजून घ्यावे, आणि तिच्या मोजपट्टीने न मोजले जाणारे आपल्या भागात काय होते व काय आहे याचा शोध घ्यावा, असे ठरले. त्या शोधाचे हे टिपण होय.

यादीचा जन्म इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठाच्या भूगोल विभागातला. प्रा. पीटर टेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ च्या सुमारास जागतिक शहरांच्या अभ्यासासाठी एक गट उभा केला. १९९९ साली या गटाने ५५ शहरांची पहिली यादी प्रसिद्ध केली. तीत अल्फा, बीटा आणि गॅमा अशा तीन प्रती होत्या. आमच्या निपाणीकर वाचकांना वखारीत तंबाखूची प्रत कशी लावतात हे सांगायला नको. तेथे पानाचा रंग, जाडी आणि वास पाहतात. या विद्वानांनी पाहिले ते इतकेच की, हिशेबतपासणी, जाहिरात, बँकव्यवसाय आणि कायदा या चार सेवा पुरविणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांची कार्यालये त्या शहरात किती आहेत. लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क आणि टोकियो सर्वांत वर होती. त्या पहिल्या ५५ शहरांत भारतातील एकही शहर नव्हते. मुंबई आणि दिल्ली यांची नावे खाली, जागतिक शहर होण्याची चिन्हे ज्यांच्यात दिसतात अशांच्या पुरवणीत आली होती. पुढे मुंबई झपाट्याने वर चढली आणि अल्फा गटात जाऊन बसली. बंगळूरही वरच्या पायऱ्यांवर पोहोचले. पुणे त्या मानाने बरेच खाली आहे, पण आहे.

पद्धत पुढे अधिक पक्की झाली. २००० सालच्या पाहणीत १०० कंपन्या आणि ३१५ शहरे घेतली गेली. प्रत्येक कंपनीचे प्रत्येक शहरातील कार्यालय किती महत्त्वाचे आहे यावर शून्य ते पाच गुण देण्यात आले. मुख्यालयाला पाच, साध्या कार्यालयाला दोन, कार्यालयच नसेल तर शून्य. मग दोन शहरांचे गुण एकमेकांनी गुणावयाचे. समजा, एखाद्या कंपनीचे मुख्यालय लंडनला आणि साधे कार्यालय मुंबईला असेल, तर त्या कंपनीपुरता लंडन व मुंबई यांचा संबंध पाच गुणिले दोन, म्हणजे दहा. असे सर्व कंपन्यांचे आणि सर्व शहरांचे गुणाकार करून बेरीज घेतली, की त्या शहराची जोडलेपणाची रक्कम निघते. या गणितामागचा विचार असा की, एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत माहिती, सल्ला, सूचना आणि माणसे सतत जात असतात. शहरे जोडली जातात ती या वाहतुकीने.

आता यात बेळगावचे काय होते हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. अशा कंपनीची कचेरी येथे नाही, म्हणून गुण शून्य. आणि शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच राहते. आठशे वर्षांचा व्यापार, लष्कराचा तळ, ओतशाळा, गोव्याचा भाजीबाजार हे सारे त्या एका शून्याखाली झाकले जाते.

आमचे हे टिपण म्हणजे गाऱ्हाणे नव्हे. यादी करणाऱ्यांनी आपण काय मोजतो हे स्वच्छ सांगितलेले आहे. ज्याने वजन करावयाचे ठरविले त्याने लांबी का मोजली नाही, असे विचारणे बरोबर नाही. तथापि वजनाची यादी ही मोठेपणाची यादी म्हणून घरोघर वाचली जाऊ लागली, की तेथे बोलणे भाग पडते. हे बोलणारे आम्ही पहिले नव्हेत. मूळच्या दक्षिण आफ्रिकेच्या जेनिफर रॉबिन्सन या अभ्यासिकेने २००२ साली एक निबंध लिहून हाच आक्षेप घेतला होता. जगातील बहुसंख्य शहरे या नकाशाबाहेर पडतात, आणि नकाशाबाहेर पडलेल्यांना काही घडतच नाही असे समजले जाते, हा त्यांचा रोख. स्वतः टेलरही पुढे असे मांडू लागले की, प्रत्येक नगराला दोन अंगे असतात. एक आपल्या पंचक्रोशीला धरून राहणारे, दुसरे दूरच्या नगरांशी व्यवहार करणारे. आम्ही त्यांना गावपण आणि नगरपण म्हणू. कोणत्याही ठिकाणी ही दोन्ही कमी-अधिक प्रमाणात असतातच.

जागतिक नगर ही कल्पनाही कालपरवाची नाही. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानाने १९१५ साली आपल्या ग्रंथात हा शब्द वापरला. हेच गेडिस १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले, आणि मालवणात जन्मलेल्या गोविंद सदाशिव घुर्ये यांना विलायतेस पाठविण्यात त्यांचा हात होता. पुढे १९८६ साली जॉन फ्रीडमन यांनी आणि १९९१ साली सास्किया सासेन यांनी या विषयाला आजचे रूप दिले. असो. विद्वानांची वंशावळ येथे पुरे.

आता आपल्या गावाकडे वळू.

बेळगावचे जुने नाव वेणुग्राम. येथील रट्ट राजा कार्तवीर्य चौथा याच्या काळातील इ. स. १२०४ चे दोन शिलालेख आहेत. जैन मंदिराला दिलेल्या दानाची त्यांत नोंद आहे. लेखांची भाषा कन्नड. बाजारात येणाऱ्या मालावरील काही भाग मंदिराला देण्याचे ज्या व्यापाऱ्यांनी मान्य केले, त्यांत स्थानिकांबरोबर लाट म्हणजे गुजरातकडील आणि मलयाळ देशातील व्यापारीही आहेत. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी या पेठेत गुजराती आणि केरळी व्यापारी एकत्र बसून एका करारावर संमती देत होते. आमच्यापैकी बहुतेकांची घराणी येथे यायला तेव्हा कित्येक शतके अवकाश होता. कोणी पेशवाईत पटवर्धनांच्या पदरी आले, कोणी पोर्तुगिजांच्या जाचाने गोव्यातून देव घेऊन घाट चढले, कोणी इंग्रजी कचेऱ्यांच्या मागून आले. ही पेठ आमच्या आधीपासून भरलेली होती, हे कबूल करण्यात आम्हांला कमीपणा वाटत नाही. उलट, परक्यांना सामावून घेण्याची तिची सवय जुनी होती, म्हणूनच आम्हांला येथे जागा मिळाली. आता गंमत अशी की, हे दोन्ही शिलालेख बेळगावात नाहीत. ते लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ज्या शहराला यादीत सर्वांत वरची प्रत मिळते, त्याच्याकडे आमच्या जोडलेपणाचा पुरावा जमा आहे.

पुढे १४७२ साली महमूद गावानाने बेळगावचा किल्ला घेतला. त्याच मोहिमेत त्याने गोवाही घेतला, यावरून बेळगाव कोणत्या वाटेवर आहे हे त्याला चांगले ठाऊक असावे. गोव्याच्या बंदरातून निघणारी वाट घाट चढली की देशावर प्रथम जे मोठे ठिकाण लागते ते हे. शहरातील गोवावेस हे नाव उगीच पडलेले नाही. तशीच दुसरी वाट वेंगुर्ल्याची. सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला डचांची वखार होती. १८१२ मध्ये सावंतवाडीकरांकडून ते बंदर इंग्रजांकडे आले. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांनी जिंकला. त्यानंतर लष्कराची छावणी आली, आणि छावणीबरोबर बंदराची गरज आली. आधी रामघाटाने, नंतर आंबोलीच्या घाटाने बैलगाड्यांची रांग लागे. खालून मीठ, नारळ, परदेशी कापड वर येई. वरून कापूस आणि धान्य खाली जाई. हिंडलग्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आजही आम्ही वेंगुर्ला रोड म्हणतो. त्या रस्त्यावर राहणाऱ्या मुलांना मात्र वेंगुर्ले हे बंदर होते हे मुद्दाम सांगावे लागते.

या वाटेने जग बेळगावात किती वेगाने शिरत असे, याचे उत्तम उदाहरण कापसाचे आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८४० च्या सुमारास अमेरिकेतून जाणकार मळेवाले आणून धारवाडच्या काळ्या मातीत अमेरिकन जातीचा कापूस लावण्याचे प्रयोग चालविले. तो कापूस रुजला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तेथून मिळणारा कापूस बंद झाला. भारतीय कापसाचे भाव अभूतपूर्व चढले. मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांना धारवाडचा कापूस हवा होता, म्हणून कारवार बंदराकडे लक्ष गेले, आणि १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडण्यात आला. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईत पेढ्या बुडाल्या. एका खंडातील युद्धाने दुसऱ्या खंडातील जिल्ह्याची हद्द बदलावी, आणि परसगड-गोकाककडील शेतकऱ्याचे नशीब चार वर्षांत चढावे व पडावे, याला जोडलेपण म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? पण हे जोडलेपण एकतर्फी होते. भाव ठरे तो लिव्हरपुलात. येथे ठरे ते फक्त गाडीभाडे. सीमाभागाच्या पुढील सर्व व्यापाराला हे लागू पडते, म्हणून वाचकांनी ते लक्षात ठेवावे.

वेंगुर्ल्याचा रस्ता ओस पडला तो रेल्वेमुळे. १८८२ साली लंडनमध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली. नाव मराठा, भांडवल आणि संचालक लंडनचे, कचेरी धारवाडला. १८८७ मध्ये गाडी बेळगावात आली. इकडे पोर्तुगिजांशी १८७८ च्या तहानंतर मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंत रेल्वे झाली, आणि दशकाच्या अखेरीस दोन्ही मार्ग एकमेकांना मिळाले. माल वेंगुर्ल्याऐवजी मुरगावला आणि पुण्या-मुंबईला जाऊ लागला. घाटातले गाडीवान, वाटेवरचे धर्मशाळावाले आणि बंदरातील अडते यांचे काय झाले, याची नोंद कोठल्याही रेल्वे अहवालात सापडायची नाही. जोडणी वाढते तेव्हा कोणीतरी तुटतो. यादीत मात्र बेरीज असते, वजाबाकी नसते.

शहापूरचा उल्लेख येथे केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. आज शहापूर हा बेळगावचा एक भाग आहे, पण स्वातंत्र्यापर्यंत तो सांगली संस्थानचा मुलूख होता. इंग्रजी बेळगावात छावणी, कचेऱ्या आणि वकील. ओढा ओलांडला की संस्थानी शहापुरात सराफ, विणकर आणि पेढ्या. एकाच वस्तीत दोन राज्ये, दोन कायदे. हद्दीच्या दोन्ही बाजूंनी लाभ कसा घ्यावा, याचे शिक्षण आमच्या आजे-पणज्यांना घरबसल्या मिळत होते. त्या पेढ्यांच्या हुंड्या दूरच्या गावी वटत. पेढीचा मुनीम दुसऱ्या गावी बसलेला असे, आणि त्याच्या एका पत्रावर रक्कम हाती पडत असे. प्रा. टेलर यांच्या गणितातील कंपनी आणि कार्यालय यांच्या जागी पेढी आणि मुनीम घातले, तर ते गणित आमच्या शहापूरला चालले असते, आणि गुण शून्य आले नसते एवढे खात्रीने सांगता येईल.

माणसेही बाहेर जात होतीच. मराठा पलटणींत या पट्ट्यातील तरुण पिढ्यान्‌पिढ्या भरती झाले. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कुत-अल-अमाराच्या वेढ्यात तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. उपासमारीने त्या फौजेने २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली. त्याच्या आदल्याच दिवशी, २८ एप्रिल रोजी, लोकमान्य टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली होती. एकाच भागातील माणसे दोन ठिकाणी साम्राज्याचे दोन निरनिराळे चेहरे पाहत होती. १९२२ मध्ये मराठा रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र बेळगावात आले, आणि येथे शिकलेले शिपाई दुसऱ्या महायुद्धात इटलीपर्यंत गेले. त्या रणभूमीवर यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. टायबर आणि सेनियो या नद्यांची नावे आमच्याकडील खेड्यांतून लोकांना ऐकून ठाऊक होती. तेव्हा अभ्यासक्रमात युरोपचा भूगोल नीट शिकवीतही नसत.

आता तंबाखू. हा विषय निपाणीचा, आणि जरा सविस्तर सांगितला पाहिजे.

तंबाखू हे झाड अमेरिकेतले. पोर्तुगिजांनी ते पश्चिम किनाऱ्यावर आणले, आणि आदिलशाही मुलखात ते लवकरच पसरले. अकबराचा दूत असद बेग विजापुरास आला होता. त्याने तेथे तंबाखू पाहिली आणि सतराव्या शतकाच्या आरंभी रत्नजडित चिलमीसह ती बादशहाला नजर केली. त्याने स्वतःच ही हकीकत लिहून ठेवली आहे. दिल्ली-आग्र्याच्या दरबाराला तंबाखूची ओळख दख्खनने करून दिली, हे फारसे कोणी सांगत नाही. सांगण्यासारखे आहे की नाही, याबद्दल आमच्या बैठकीत मतभेद आहेत.

निपाणीचे देसाई सिद्धोजीराव निंबाळकर ऊर्फ आप्पासाहेब हे दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील बडे प्रस्थ. त्यांच्या पश्चात संस्थान खालसा झाले, पण बाजार वाढत राहिला. वेदगंगा-दूधगंगेच्या खोऱ्यातील जमीन आणि हवा जर्द्याला मानवली. निपाणीची तंबाखू, मध्य प्रदेश व विदर्भातील जंगलांतला तेंदूपत्ता, आणि सिन्नर, सोलापूर किंवा मंगळूर येथील बायकांची बोटे, या तिन्हींचा मेळ झाला की बिडी होते. एका बिडीत एवढी गावे बांधलेली असतात. निपाणीच्या व्यापाऱ्यांचा पत्रव्यवहार ज्या गावांशी होता, त्यांचा नकाशा काढला तर अर्धा हिंदुस्थान भरेल.

आणि दूरच्या निर्णयांचा फटकाही निपाणीला बसत आला. दुसऱ्या महायुद्धाच्या खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी १९४३ साली सरकारने तंबाखूवर अबकारी कर बसविला. तेव्हापासून शेतकऱ्याच्या बोदाबोदावर दाखला आणि शिक्का आला. बर्लिनशी चाललेल्या लढाईचा हिशेब निपाणीच्या वखारीत होऊ लागला. २००३ साली जागतिक आरोग्य संघटनेने तंबाखू नियंत्रणाचा करार मंजूर केला आणि पुढील वर्षी भारताने त्याला मान्यता दिली. जिनिव्हात झालेल्या त्या ठरावाच्या पलीकडच्या टोकाला आमच्या शिवारातला शेतकरी उभा होता. त्या ठरावामागील आरोग्याचा विचार आम्हांला मान्य आहे. तंबाखूच्या वखारीत धुळीत बसून पाने निवडणाऱ्या, वर्षानुवर्षे खोकणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना तो पटवून द्यावा लागत नाही. त्या बायकांनी संघटना उभारून मजुरीसाठी दिलेल्या लढ्यावर १९८२ साली 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा बोलपट निघाला. निपाणीच्या वखारीतील आवाज त्यामुळे दूरदेशीच्या पडद्यावर ऐकू गेला. हेही जोडलेपणच, पण त्याचा हिशेब हिशेबतपासनिसाला मांडता येत नाही.

त्याच्या आदल्या वर्षीचे आंदोलन तर आमच्यापैकी कित्येकांनी डोळ्यांनी पाहिले. १९८१ च्या मार्च महिन्यात शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी हजारो शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले. बैलगाड्या, बायकापोरे, चुली, सारे रस्त्यावर. तीन आठवड्यांहून अधिक काळ ते तेथे राहिले. ६ एप्रिल रोजी पोलिसांनी रस्ता मोकळा केला. गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. आम्हांला या प्रसंगात एक गोष्ट विशेष दिसते. त्या शेतकऱ्यांनी मोर्चा कचेरीवर नेला नाही, ते महामार्गावर बसले. मुंबई आणि बंगळूर या दोन मोठ्या शहरांना जोडणारी दोरी आपल्या शिवारातून जाते, आणि तिच्यावर आपण बसलो तर दोन्ही टोकांना कळते, हे त्यांनी ओळखले होते. जोडलेपणाचा खरा अर्थ त्यांना कोणत्याही विद्यापीठाच्या आधी समजला, असे आम्ही म्हणतो. ज्यांचे आप्त त्या दिवशी गेले, त्यांना मात्र हे समाधान पुरणारे नाही.

बेळगावच्या बाबतीत तुटण्याचा धडा गोव्याने दिला. १९५५ साली सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारताने सीमा बंद केली आणि कॅसलरॉकची गाडी थांबली. ज्या गोव्याला भाजी, धान्य, दूध, गुरे घाटावरून जात, त्या गोव्यात मग हॉलंडहून बटाटे, सिलोनहून चहा आणि जपानहून सिमेंट येऊ लागले. शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचे बेळगाव तुटले म्हणून सात समुद्रांपलीकडचे देश जोडले गेले. कचेऱ्या आणि बंदरे मोजणाऱ्याने त्या काळातील गोव्याला अधिक गुण दिले असते. गोव्याच्या गृहिणीने दिले असते की नाही, याची शंका आहे. १९६१ च्या डिसेंबरात बेळगावच्या तळावरून फौजा निघाल्या, १९ तारखेला गोवा मुक्त झाला, आणि घाटावरची भाजी पुन्हा खाली उतरू लागली. पहाटे आमच्या बाजारातून गोव्याकडे निघणाऱ्या गाड्या आजही त्याच वाटेने जातात. त्या एखादा दिवस थांबल्या, तर पणजी-म्हापशाच्या बाजारात भाव चढतो.

याच सुमारास दुसरी एक रेघ ओढली गेली, आणि ती पुसली गेलेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला होता, म्हणून तो घाव अधिक खोल गेला. १९६७ चा महाजन अहवाल, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, २०१४ साली झालेला नावातील बदल, हे सारे वाचकांना पाठ आहे. येथे आम्ही त्याची एकच बाजू पाहतो. बेळगावपासून मुंबई आणि बंगळूर दोन्ही साधारण पाचशे किलोमीटरवर. १९५६ पर्यंत अर्ज, अपील, पाठ्यपुस्तक, कर्ज, नोकरी या सर्वांची वाट उत्तरेकडे होती. एका दिवसात ती दक्षिणेकडे वळली. व्यापाराची, सोयरिकीची आणि नाटक कंपन्यांची वाट मात्र होती तेथेच राहिली. कागद एकीकडे जातो आणि लग्नाची वऱ्हाडे दुसरीकडे, अशी या गावाची गेली सत्तर वर्षांची स्थिती आहे. ज्या घराण्यांत मोडी वाचणारे आजोबा, मराठी शाळेतला मुलगा आणि कन्नड-इंग्रजीत अर्ज भरणारी नात एका छपराखाली नांदली, त्यांना या दोन वाटांचा खर्च ठाऊक आहे. तो पैशात मोजता येत नाही, आणि कोठलीही यादी तो मोजत नाही.

कारखानदारीने या दोन वाटांकडे फारसे लक्ष दिले नाही. १९७० च्या सुमारास कॅनडाच्या अल्कन कंपनीशी संबंधित इंडियन अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना बेळगावला सुरू झाला. पुढे तो हिंडाल्कोकडे गेला. त्याला लागणारे बॉक्साइट कोल्हापूर जिल्ह्यातील डोंगरांतून येत आले. दगड महाराष्ट्राचा, भट्टी कर्नाटकातली. उद्यमबागेत ओतशाळा वाढल्या, यंत्रांचे सुटे भाग आणि हायड्रॉलिक पंप बनू लागले. सांगली-कोल्हापूरकडील ओतकामाशी त्यांचे जुने नाते आहे. कारागीर इकडून तिकडे सहज जातात. आणि २००९ साली महामार्गावर हत्तरगी येथे अचूक यंत्रकामासाठी एक विशेष आर्थिक क्षेत्र उभे राहिले. तेथील एकस कंपनीच्या कारखान्यांत विमानांचे भाग तयार होतात, आणि एअरबससारख्या कंपन्यांना जातात. ज्या रस्त्याने तंबाखूचे बोद जात, त्याच रस्त्याने आता विमानाच्या पंखाचे तुकडे जातात. तरीही टेलर यांच्या गणितात बेळगावचा आकडा हलला नाही. तेथे वस्तू किती बनते हे पाहत नाहीत, ती बनवावी असा निर्णय घेणारा सल्लागार कोठे बसतो हे पाहतात. आणि तो मुंबईत बसतो, बंगळुरात बसतो. लिव्हरपुलात भाव ठरे, तसेच हे.

येथे आम्हांला आमच्याच माणसांविषयी एक गोष्ट बोलावी लागेल. त्या यादीत बेळगाव नाही, पण बेळगावची माणसे आहेत. पुण्यातील हिशेबाच्या कचेरीत, बंगळूरच्या संगणक कंपनीत, मुंबईच्या बँकेत, दुबईत आणि न्यू जर्सीत. ज्या गुणांची बेरीज करून ती शहरे वर चढली, त्यांतील काही गुण आमच्या घरांतून गेलेले आहेत. आमच्या पिढीने मुलांना शिकविले ते बाहेर जाण्यासाठी, हे मान्य केले पाहिजे. घाट चढून आलेल्या घराण्यांना पुढची पिढी घाट उतरून गेली याचे फार नवल वाटू नये. पण मोठे वाडे बंद आहेत, पेठेतील गाळे भाड्याने गेले आहेत, आणि आमच्या बैठकीला येणाऱ्यांत साठीच्या आतला माणूस क्वचित दिसतो.

नातू परत पुण्याला निघाला तेव्हा आजोबांनी त्याच्याबरोबर कुंद्याचा डबा दिला. त्याने कचेरीत वाटला. तेथे काम करणारी एक मुलगी निपाणीची निघाली, आणि दुसरी चंदगडची. त्या तिघांनी त्या दिवशी दुपारचे जेवण एकत्र केले, असे त्याने आजोबांना फोनवर सांगितले.